गाडी उभ्या उभ्या ‘गरम’ करू नका

जानेवारीत ग्वाल्हेरला पहाटे पारा उतरला की लष्कर भागातल्या आमच्या गल्ल्यांत गाड्या दहा-दहा मिनिटं जागेवरच घुरघुरत असतात. ‘इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही’ हा थोरामोठ्यांचा सल्ला. सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय किंवा बलेनो आरएस अशा टर्बो (इंजिनात दाबानं जास्त हवा भरणाऱ्या) गाड्या हौसेनं घेणारी मुलंही तो पाळतात.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळात तो बरोबर होता. चोक ओढूनही थंड इंजिन बंद पडायचं. आता सेन्सर तापमान मोजतात आणि त्यावरून गाडीतला संगणक पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं, आणि त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं. गाडी उभी ठेवली की इंजिन सावकाश तापतं, म्हणजे नेमका हाच काळ लांबतो. गिअरबॉक्स तर गाडी चालल्याशिवाय नीट तापतच नाही.

तेव्हा अर्धा मिनिट थांबा आणि निघा. मात्र टर्बो गाडीत सुरुवातीचे काही किलोमीटर पाय हलका ठेवा. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे फक्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तापलं. ऑइलला आणखी वेळ लागतो.

खरेदीच्या वेळी या समजुतीचा फटका मोठा बसतो. ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय’ असं विकणारा प्रेमानं सांगतो, पण दोष दाखवणारी थंड इंजिनाची खडखड आणि ऑइल जळत असल्याचा पहिला निळा धूर तोवर निघून गेलेला असतो. आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावून ते थंड आहे ना बघा.