‘घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का?’

नवा सिनेमा लागला आणि कुणी पाहून आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न गोष्टीचा नसतो. “घरच्यांना घेऊन जाण्यासारखा आहे का?” हे आधी विचारलं जातं. उत्तरंही ठरलेली असतात. “हो, बिनधास्त जा,” किंवा “सिनेमा चांगलाय, पण आई-बाबांबरोबर नको.” या दुसऱ्या उत्तराचा अर्थ विचारणाऱ्याला लगेच कळतो. पडद्यावर प्रणयाची दृश्यं असणार, नाहीतर शिव्या असणार. सिनेमात माणसं कापली जातात, छळली जातात, म्हणून ‘आई-बाबांबरोबर नको’ असं मात्र क्वचितच ऐकू येतं. आपल्या घरांची ही मोजपट्टी सेन्सॉर बोर्डाने दिलेली नाही. ती वेगळ्या वाटेने आली आहे आणि ती वाट बरीचशी महाराष्ट्रातूनच जाते.

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. विषय पुराणातला, कीर्तनातून ऐकलेला, त्यामुळे बायकामुलांना तो दाखवण्यात गोष्टीची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. सिनेमात काम करायला बाई तयार होईना, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांनी बाळकृष्णाच्या भूमिकेत स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, उभं केलं. म्हणजे त्या काळी लोकांचा संकोच पडद्यावर काय दाखवलंय याचा कमी आणि कुणाच्या घरची बाई तिथे दिसतेय याचा जास्त होता.

सरकारची काळजी तिसरीच होती. 1918 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा झाला आणि 1920 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. इंग्रजांना धास्ती होती ती राजकारणाची. 1921 च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून काही ठिकाणी त्या चित्रपटावर बंदी आली. प्रभात फिल्म कंपनीने 1930 मध्ये शिवरायांवर ‘स्वराज्याचे तोरण’ काढला. नावातला ‘स्वराज्य’ सरकारला खपला नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. बालगंधर्वांनी ज्यात संत एकनाथांची भूमिका केली, तो 1935 चा ‘महात्मा’ही असाच ‘धर्मात्मा’ झाला. दुसरीकडे 1933 च्या ‘कर्मा’त देविकाराणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन पडद्यावर दिसलं. सरकारी कात्री आणि घरातला निवाडा हे सुरुवातीपासूनच दोन वेगळे कारभार होते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

घरातल्या निवाड्याची जडणघडण झाली ती 1930 च्या दशकात, आणि त्यात प्रभातचा वाटा सगळ्यात मोठा. 1936 चा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक चालला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. देवळात जाण्याच्या भावनेने सिनेमाला जाणारा प्रेक्षक या चित्रपटाला मिळाला. पण त्याच कंपनीने 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. घरातल्या घरात चाललेलं हे बंड लोकांनी घरच्यांसह पाहिलं. कुटुंबासाठीचा सिनेमा म्हणजे बोथट, कुणाला न टोचणारा सिनेमा अशी समजूत तेव्हा नव्हती.

पुढच्याच वर्षी आला मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’. लेखन आचार्य अत्र्यांचं. ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन बसलेला नायक आणि त्याला डळमळीत करणारी, पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ कन्हैया’ गाणारी मीनाक्षी शिरोडकर. त्या पोशाखाची चर्चा पुढे कित्येक वर्षं होत राहिली. सिनेमा मात्र तुफान चालला आणि गाणं घराघरांत पोचलं. आपल्या आधीच्या पिढ्या फार सोवळ्या होत्या असं म्हणणाऱ्यांनी हे एक गाणं आठवावं.

स्वातंत्र्यानंतर कायद्यात प्रौढांसाठी ‘ए’ आणि सर्वांसाठी ‘यू’ असे दोन वर्ग आले, आणि 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने ते पक्के केले. पुढच्याच वर्षी अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. 1954 मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं आणि ‘मुलांना दाखवावा असा चित्रपट’ म्हटलं की मराठी माणसाला आधी तोच आठवू लागला. या चित्रपटाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यामुळे एक सवयही लागली. मुलांचा सिनेमा म्हणजे संस्काराचा सिनेमा, आणि संस्कार म्हणजे डोळ्यांत पाणी, असं समीकरण बसलं. मुलांना हसवणारा, त्यांच्या खोड्यांची, त्यांच्या भीतीची गोष्ट सांगणारा मराठी सिनेमा त्यानंतर बराच काळ दुर्मीळ राहिला.

याच काळात सिनेमाने आणखी एक मोठी गोष्ट केली. तमाशाच्या फडावर पांढरपेशा घरातली बाई कधी गेली नसती. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ मात्र ती पाहू शकत होती. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. जयश्री गडकर आणि हंसा वाडकर यांच्या या चित्रपटात पाटलाने केलेला अन्याय होता, बलात्कार होता, सूड होता. 1972 मध्ये ‘पिंजरा’ आला. त्यात एक आदर्शवादी मास्तर तमासगिरिणीच्या नादाने मातीमोल होतो. दोन्ही चित्रपट कुटुंबांनी पाहिले. लावणी फडावर असली तर नको, पडद्यावर असली तर चालेल, ही सवलत सिनेमानेच मिळवून दिली.

मग दादा कोंडके. 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरमध्ये लागणार होता. थिएटरने ऐनवेळी नकार दिला आणि बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, हा किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. दादांच्या विनोदाने घरच्या निवाड्यापुढे खरा पेच टाकला. वाक्याचा सरळ अर्थ निष्पाप, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा. लहान मुलाला पहिला कळतो, मोठ्याला दुसरा, आणि दोघं शेजारी बसून एकाच वेळी हसतात. कात्री लावायची कुठे? गावाकडच्या घरांनी हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही, बायाबापड्या ट्रॅक्टरमधून त्यांच्या सिनेमाला गेल्या. शहरातल्या पांढरपेशांनी नाक मुरडलं. एकच चित्रपट एका घरासाठी कौटुंबिक आणि दुसऱ्यासाठी चावट ठरतो तो असा. त्यात जात, वर्ग, गाव-शहर हे सगळं असतं. ‘आपल्या घरात चालत नाही’ असं म्हणताना ‘आपलं घर’ म्हणजे नेमकं कुणाचं, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

न्यायालयातही हा वाद त्याच सुमारास गाजला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर मांडणारा माहितीपट केला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं त्यात होती. बोर्ड ‘ए’ द्यायला तयार होतं, अब्बासांना ‘यू’ हवं होतं. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना सरकारने माघार घेतली आणि काटछाट न करता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. तरी न्यायालयाने 1970 मध्ये निकाल दिला. सिनेमाची पूर्वतपासणी त्यांनी वैध ठरवली, पण लैंगिक विषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही स्पष्ट सांगितलं. हा फरक कायद्याला तेव्हा कळला. आपल्या घरांत तो अजून नीट पोचलेला नाही.

पाच वर्षांनी ‘शोले’ आला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं बोर्डाला मान्य नव्हतं, म्हणून पोलीस येतात असा शेवट चित्रित करावा लागला. ठाकूरचं अख्खं कुटुंब गब्बर संपवतो आणि लहानग्या नातवालाही सोडत नाही. तरीही ‘शोले’ घरोघरचा सिनेमा झाला. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि पोरासोरांनी गब्बर तोंडपाठ केला.

माझ्या मते, ‘घरच्यांबरोबर पाहण्यासारखा’ या कल्पनेला आजचं रूप दिलं ते थिएटरने नाही, दूरदर्शनने. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा रिवाज पडला. ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी अख्खी चाळ जमायची. थिएटरात अंधार असतो, शेजारच्याचा चेहरा दिसत नाही, आजोबा दोन रांगा पलीकडे असतात. इथे ट्यूबलाइटच्या उजेडात आजोबा, सून, शेजारची पोरं, घरमालक सगळे एकमेकांना दिसत बसलेले. नायक-नायिका जवळ आले की कुणाला तरी तहान लागे, कुणी वर्तमानपत्र उघडे, कुणी “अभ्यास झाला का रे?” विचारे. रिमोट आल्यावर हे काम सोपं झालं. ही लाज सिनेमातल्या दृश्याची कमी आणि एकत्र बसण्याची जास्त होती. मारामारीच्या दृश्याला कुणी उठत नसे, कारण त्यात एकमेकांकडे पाहायची चोरी नव्हती. मोजपट्टी शरीरापुरतीच का राहिली, याचं उत्तर मला या बैठकीच्या खोलीत सापडतं.

बोर्डाने 1983 मध्ये मधला मार्ग काढला. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं असं सांगणारा ‘यूए’ वर्ग आला आणि मंडळाच्या नावातून ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आलं. बोलण्यात मात्र ते आजही सेन्सॉर बोर्डच आहे.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आणि मग केबलमुळे थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा मराठी सिनेमा तगला तो कौटुंबिक विनोदावर. ‘धुमधडाका’ 1985 चा, ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 चा. ‘बनवाबनवी’ आज तिसरी पिढी पाहतेय आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. 1993 च्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूने किती मुलांची झोप उडवली असेल! तरी तो मुलांचाच सिनेमा मानला गेला. मुलाला भीती वाटणं हे आपल्या हिशेबात धरलंच जात नव्हतं.

1991 च्या ‘माहेरची साडी’बद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. राजस्थानी चित्रपटावरून केलेला हा सिनेमा गावोगावी बायकांनी हातात रुमाल घेऊन, लेकरं कडेवर घेऊन पाहिला. पडद्यावर अलका कुबल यांची लक्ष्मी सासरी अपमान आणि छळ सोसत राहते. ‘सहकुटुंब पाहावा असा’ म्हणून याच्याइतका चित्रपट त्या दशकात मराठीत दुसरा नसेल. त्या बायकांचं रडणं खरं होतं, त्यांना पडद्यावर आपलंच जिणं दिसत होतं, त्याची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. पण मांडीवरचं पोर काय पाहतंय, सोसणारी बाई म्हणजे चांगली बाई असं ते शिकतंय का, हा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला नाही. ‘कुंकू’तली नीरा नकार देत होती. अर्धशतकानंतरची ही नायिका सोसत होती, आणि दोन्ही सिनेमांना घरांनी एकच पसंतीची मोहोर दिली.

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. टीव्हीवर प्रौढांचे चित्रपट सर्रास दिसू लागल्यावर मुंबईतल्या एका प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातूनच वाहिन्यांवर फक्त ‘यू’ आणि ‘यूए’ चित्रपट दाखवण्याचं बंधन आलं. 2013 मध्ये रवी जाधवांच्या ‘बालक पालक’ने चाळीतल्या मुलांचं लैंगिक कुतूहल सरळ पडद्यावर आणलं आणि काही आई-बाप मुलांना घेऊन तो पाहायला गेले. घरातल्या गप्पगुमान बसण्याला मराठी सिनेमाने दिलेलं हे मला सर्वांत धीट उत्तर वाटतं. 2016 ला ‘सैराट’ आला. ‘झिंगाट’वर नाचायला मुलांना घेऊन गेलेली कुटुंबं शेवटच्या दृश्यानंतर खुर्चीतून उठू शकत नव्हती. ‘मुलांना न्यायला नको होतं’ आणि ‘मुलांनी हे पाहायलाच हवं’ ही दोन्ही मतं तेव्हा एकाच घरात ऐकू आली.

मोबाइल आल्यावर एकत्र बसणंच कमी झालं. 2021 च्या नियमांनी ओटीटीवर सात, तेरा आणि सोळा अशा वयांच्या पायऱ्या आणल्या, आणि 2023 च्या दुरुस्तीने त्याच पायऱ्या थिएटरच्या ‘यूए’मध्ये आल्या. 2025 च्या फेब्रुवारीत ‘छावा’ला ‘यूए 16+’ मिळालं. संभाजीराजांचा सिनेमा म्हणून महाराष्ट्रभरातून लोक चार-पाच वर्षांची मुलं घेऊन गेले, आणि शेवटचं छळाचं दृश्य पाहून थिएटरात ओक्साबोक्शी रडणारी मुलं मोबाइलच्या व्हिडिओंतून सगळ्यांनी पाहिली. कुणी त्याला संस्कार म्हटलं. काही पालकांनी मात्र विचारलं, “एवढ्या लहान पोराला हे दाखवायचं का?” ‘यूए’ ही पालकांना दिलेली सूचना आहे, पालकांसोबत आलेल्या मुलाला दारावरचा माणूस अडवू शकत नाही. प्रणयाच्या दृश्यावर हात फिरवून मुलाचे डोळे झाकणाऱ्या घरांत रक्ताच्या दृश्याबद्दल हा प्रश्न इतक्या मोठ्याने विचारला गेलेला मी यापूर्वी ऐकला नव्हता.