शिक्षक-क्षमता (प्रमाणनाच्या संदर्भात)

शिक्षक म्हणून नेमण्यापूर्वी उमेदवाराकडे जे ज्ञान, कौशल्ये व वृत्ती असणे आवश्यक मानले जाते, त्यांचा समुच्चय. ही कल्पना बहुधा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील क्षमताधिष्ठित शिक्षक-प्रशिक्षणाच्या चळवळीतून रूढ झाली. भारतात ती थेट तेथून आली, की दवे समितीने प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी ठरवलेल्या (१९९१) ‘किमान अध्ययन क्षमतां’मधून, याविषयी दुमत संभवते. दुसरा मार्ग अधिक संभाव्य वाटतो; कारण येथे आधी विद्यार्थ्याच्या क्षमता ठरल्या, शिक्षकाच्या नंतर.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने १९९८ मध्ये दहा क्षमता मांडल्या. आशयज्ञान, प्रत्यक्ष अध्यापन, साधननिर्मिती, मूल्यमापन व व्यवस्थापन यांबरोबर पालक व समाज यांच्याशी काम करण्याची क्षमताही त्यांत होती. जोडीला विद्यार्थी, समाज, व्यवसाय, उत्कृष्टता व मानवी मूल्ये यांविषयीच्या पाच बांधिलक्या होत्या. बांधिलकी मोजायची कशी, हा प्रश्न मात्र सुटला नाही. २००९ च्या शिक्षक-शिक्षण आराखड्याचा भर सुट्या कौशल्यांऐवजी चिंतनशील व मानवीय शिक्षकावर आहे. वर्गाचा अनुभव पाहता ही भूमिका अधिक ग्राह्य ठरते.

प्रमाणन मात्र लेखी परीक्षेकडे वळले. शिक्षण हक्क कायद्यानंतर (२००९) इयत्ता पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) अनिवार्य झाली : १५० बहुपर्यायी प्रश्न, १५० गुण, उत्तीर्णतेसाठी सर्वसाधारणपणे ६० टक्के. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्राला ३० गुण आहेत. फलकलेखन किंवा पाठ घेणे तीत तपासले जात नाही. ते पदविका-पदवीच्या सराव पाठांवर सोडले आहे.

कोणती पदवी कोणत्या वर्गासाठी, हा वाद न्यायालयातही गेला. परिषदेने २०१८ मध्ये बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते अमान्य केले. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, ते प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेत शिकवले जाते, असा निकालाचा आशय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. या प्रकरणात महाराष्ट्रातील अल्पसंख्याक संस्थाही पक्षकार होत्या.

महाराष्ट्रात पहिली टीईटी राज्य परीक्षा परिषदेने डिसेंबर २०१३ मध्ये घेतली. भरतीसाठी २०१७ पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी आहे.