लो-टियर पात्र (फायटिंग गेम)

फायटिंग गेम म्हणजे दोन पात्रांची समोरासमोर मारामारी असलेला व्हिडिओ गेम. त्यातल्या पात्रांची ताकदीनुसार लावलेली उतरंड म्हणजे ‘टियर लिस्ट’. ती गेम बनवणारी कंपनी लावत नाही. खेळाडूच स्पर्धांचे निकाल आणि आपापला अनुभव यांवरून ती लावतात आणि तिच्यावरून भांडतातही. या उतरंडीच्या तळाशी असलेली पात्रे ‘लो-टियर’. पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या कॉट बेसिस खोल्यांत याला सरळ ‘फुसकं कॅरेक्टर’ म्हणतात. असे पात्र मुद्दाम निवडून त्यावर हात बसवणे हा या खेळातला जुना नाद आहे. मात्र नुसत्या फुसक्या पात्राच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. कपडे, पवित्रा, चालण्याची ढब, जिंकल्यावरची ऐट, यांत कुठेतरी जीव अडकावा लागतो.

कुस्तीला वजनगट असतात, फायटिंग गेमला नसतात. सगळे एकाच मातीत उतरतात आणि कोणाला किती बळ द्यायचे हे आधीच ठरलेले असते. दुबळ्या पात्राचा हात आखूड असतो, किंवा वार संथ असतो, किंवा लागला तरी समोरच्याचे फारसे बिघडत नाही. कोपऱ्यात सापडल्यावर सुटकेची वाट नसणे हे बहुधा या सगळ्यांहून वाईट.

यातला हिशेब फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या एकेका चित्रात, चालतो. सेकंदाला ६० फ्रेम. ‘टेकेन’ या गेममध्ये बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा १० फ्रेममध्ये लागतो. समोरच्याचा वार अडवला आणि तो सावरायला १० फ्रेम मागे राहिला, तर हा ठोसा फुकट मिळतो. ९ फ्रेम मागे राहिला तर मिळत नाही. जरा मोठी चूक पकडली, की तगडे पात्र त्या बदल्यात समोरच्याला हवेत उडवून अर्धे आयुष्य काढून घेते. दुबळ्याच्या वाट्याला बऱ्याचदा चापटीच येते.

या जातीचा मूळ पुरुष म्हणजे डॅन हिबिकी. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’मध्ये (१९९५) तो छुपे पात्र म्हणून आला. त्याचा जन्मच टवाळीतून झाला. एसएनके या दुसऱ्या कंपनीच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’ (१९९२) या गेममधल्या रयो साकाझाकी आणि रॉबर्ट गार्सिया यांची ही नक्कल. अंगात गुलाबी पोशाख, मागे शेंडीसारखी बांधलेली केसांची बट. ‘स्ट्रीट फायटर’चा नायक रयू याचा हाडोकेन हा ऊर्जेचा गोळा पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. डॅनचा गाडोकेन हातातून निघतो आणि हातभर अंतरावर विरतो. ज्यांनी दिवाळीत ओलसर फुलबाजी पेटवली आहे त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. ‘अल्फा’मध्ये इतरांना एका फेरीत एकदाच समोरच्याला चिडवता येई, डॅनला मात्र हवे तितक्या वेळा. पुढच्या ‘अल्फा २’मध्ये (१९९६) तर पूर्ण भरलेली शक्तीची पट्टी खर्चून एकामागून एक नुसती चिडवाचिडवी करण्याची चाल त्याला दिली गेली. तिने समोरच्याला इजा काहीच होत नाही.

शैली म्हणजे नुसता नखरा, असा समज डॅनमुळे होतो. तो खोडून काढायला ‘क्यू’ पुरेसा आहे. ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’मधला (१९९९) हा लांब कोट, टोपी आणि धातूचा मुखवटा घातलेला गृहस्थ. देह मोठा, हालचाल जड. त्याचेही चिडवणे आहे, पण त्याला किंमत आहे: प्रत्येक वेळी त्याचा बचाव वाढतो, आणि एका फेरीत तीनदा ही वाढ साठते. मग तोच क्यू गेममधल्या सर्वांत चिवट पात्रांत जाऊन बसतो. अडचण इतकीच, की चिडवत असताना तो उघडा असतो. त्यामुळे क्यू शिकणे म्हणजे तीन मोकळे क्षण मिळवायला शिकणे. समोरचा आडवा पडला, की खेळाडू मनात मोजतो: तो उठायच्या आत माझे आटोपेल का? आटोपणार असेल तर जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ ही दोन बटणे एकत्र. या क्षणी नवशिक्याला धावून जाऊन आणखी मारावेसे वाटते. कसलेला माणूस उभा राहून चिडवतो.

शिकण्याची सुरुवात सहसा उलटी होते. नवखा आपल्या पात्राचे लांबलचक कॉम्बो, म्हणजे एकामागून एक जोडलेले वार, पाठ करत बसतो. पण फुसक्या पात्राला कॉम्बो लावायची संधीच कमी मिळते, म्हणून पाठांतर वाया जाते. खरा अभ्यास समोरच्यांचा. ट्रेनिंग मोडमध्ये, म्हणजे गेममधल्या सरावाच्या भागात, डमीला (सरावासाठी समोर उभ्या केलेल्या पात्राला) प्रतिस्पर्ध्याची एखादी चाल रेकॉर्ड करून द्यायची, ती पुन्हा पुन्हा अडवायची आणि त्यानंतर आपल्या तुटपुंज्या सामानातले काय लागते ते पाहायचे. डोळ्यांना दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद, म्हणजे सुमारे १५ फ्रेम जातात. त्यामुळे १० फ्रेमचे उत्तर ‘बघून’ देता येत नाही. वार अंगावर येत असतानाच तो कोणता हे ओळखावे लागते. वर्षभर असे घासल्यावर या खेळाडूला इतरांची पात्रे त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. अंतर राखण्याचेही तेच. डॅनचा गोळा जिथे विरतो त्याच्या अर्धे पाऊल अलीकडे उभे राहणे, हे लांब पल्ल्याच्या पात्राला कधी शिकावेच लागत नाही.

एक फायदा न मागता मिळतो. टॉप टियर पात्रांशी सगळेच रोज खेळतात. क्यूशी कोण खेळते? पहिल्या दोन-तीन डावांत समोरचा गोंधळतो. हा उधार वेळ आहे. तो संपल्यावर जे उरते तेच तुमचे कसब.

पुण्यात हा नाद बहुतेक मित्रांच्या कोंडाळ्यात वाढतो. एक कन्सोल, दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाची काठी आपोआप डावीकडे ओढणारी, आणि ‘जिंकला तो बसला’ हा नियम. हरणारा उठतो, पुढचा बसतो. सलग पाचव्यांदा उठणाऱ्याला “काय राव, माणसासारखं कॅरेक्टर घे की!” हे ऐकावेच लागते. त्यावर “कॅरेक्टरच फुसकं आहे” ही सबब तयार असते आणि हीच या नादाची खरी कीड. हरलो तर दोष पात्राचा, जिंकलो तर श्रेय आपले. प्रस्तुत लेखकाने हा धंदा दोन वर्षे केला आहे. कंट्रोलर बदलल्यावर दुसऱ्याने तेच पात्र घेऊन धुतले, तेव्हा सबब संपली.

चिडवण्याची चालही या कोंडाळ्यात जपून वापरली जाते. रोजच्या मित्राला खुशाल चिडवावे. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला चिडवले, की खोलीतले बाकीचे त्याच्या बाजूने होतात.

उतरंड कायमची नसते. नव्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने गेममध्ये मागाहून केलेल्या बदलांत, पात्राला बळ मिळते किंवा काढून घेतले जाते. पहिल्याला ‘बफ’, दुसऱ्याला ‘नर्फ’ म्हणतात. आपले पात्र बफ झाल्यावर ते सोडून देणारेही आहेत. पण तळाच्या पात्राने बफची वाट न पाहता गाठलेले शिखर म्हणून २०१८ च्या टेकेन वर्ल्ड टूरच्या अंतिम स्पर्धेचे नाव घेतले जाते. ‘टेकेन ७’मध्ये पांडा हे पात्र दुबळे मानले जाई. त्याचे अंग मोठे, म्हणून इतरांना चुकणारे काही फटकेही त्याला बसतात. दक्षिण कोरियाच्या रंगचूने ॲम्स्टरडॅममध्ये हाच पांडा घेऊन विजेतेपद मिळवले. त्यानंतर काही दिवस जो तो पांडा घेऊन बसत होता, आणि उठत होता.