जीएसटी नोंदणी: अर्ज अडतो तो जागेच्या कागदावर

आधी नोंदणी लागते का, ते बघा. 'चाळीस लाखांपर्यंत काही करावं लागत नाही' हे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं, पण ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला. सेवा आली की २० लाख. कोपरखैरण्यात प्रिंटर दुरुस्त करणारा दुकानदार टोनरही विकतो. टोनरचे १८ लाख, दुरुस्तीचे ४, झाले २२. त्याला नोंदणी सक्तीची. आकडा वर्षाच्या उलाढालीचा, म्हणजे एकूण विक्रीचा धरतात, हाती उरलेल्या पैशांचा नव्हे. एका पॅनवरचे सगळे धंदे एकत्र, करमाफ विक्रीसुद्धा त्यात. करपात्र माल महाराष्ट्राबाहेर पाठवणाऱ्याला तर, थोडे अपवाद सोडले, मर्यादाच नाही. नोंदणी लागू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. लोक हिशेब मांडतात मार्चअखेर, आणि तेव्हा कळतं की मर्यादा दिवाळीतच ओलांडली होती.

अर्ज जीएसटीच्या पोर्टलवर, सरकारी फी शून्य. पॅन, मोबाइल, ईमेल, ओटीपी, मग तात्पुरता क्रमांक. तो १५ दिवसच चालतो, तेवढ्यात पुढचा भाग भरा. फोटो जेपीजी, १०० केबीच्या आत. आधार पडताळणीची लिंक ईमेलवर येते. कुणाचं ओटीपीवर भागतं, कुणाला बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जावं लागतं.

आता जागा. जागा स्वतःची असेल तर मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल, यांपैकी एक पुरतं. भाड्याची असेल तर करारनामा आणि मालकाच्या नावाचा एक कागद. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात वीजबिल अजून बिल्डरच्या नावावर असतं. गावठाणातल्या घराची करआकारणी वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. सिडकोच्या घराचं हस्तांतरण अर्धवट राहिलेलं असतं. करारात मालक एक आणि बिलावर दुसराच दिसला, की अधिकारी नोटीस काढणारच, आणि त्यात त्याची चूक नाही. करार करण्याआधीच मालकाकडून बिल आणि कराची पावती मागून घ्या, दोन्ही कागद शेजारी ठेवून नावं अक्षर न् अक्षर जुळवा. पत्ताही तसाच. बिलावर नुसता प्लॉट नंबर, करारात सेक्टर आणि सोसायटी, अर्जात 'स्टेशनजवळ', असं चालत नाही.

करार, बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा म्हणजे मुदतीच्या भाड्याचा, नोंदवलेला असलेला बरा. नोंदवलेला असेल तर मालकाचं ओळखपत्र मागायचं नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत आहे. जागा वडिलांची किंवा बायकोची असेल तर साध्या कागदावर संमतीपत्र, त्यांचं ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद, हेही त्यातच. तरी शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र करून देणारे एजंट काही थांबत नाहीत. सोसायटीची एनओसी सूचनेतल्या कागदांत नाही. सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तरी उत्तरात तिचा उल्लेख करायला हरकत नाही.

अजून एक मेख: करारात 'फक्त राहण्यासाठी' लिहिलेलं असतं आणि अर्जात तिथेच गोदाम दाखवतात. व्यापारी दराचा कर आणि वीजबिल मागे लागेल, म्हणून घरमालक ते वाक्य बदलू देत नाहीत. ही बोलणी डिपॉझिट देण्याआधी करा.

शंका असेल तर नोटीस येते आणि उत्तराला ७ कामकाजाचे दिवस मिळतात. अर्ज सर्वाधिक मरतात ते इथे, कारण अर्जात मोबाइल आणि ईमेल एजंटचे. नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून, अर्जदार 'अजून काही आलं नाही' म्हणत वाट बघतोय. मुदत संपली की अर्ज फेटाळला, पुन्हा पहिल्यापासून. नंबर स्वतःचाच द्या आणि अर्जाचा क्रमांक टाकून दोन दिवसांआड स्थिती बघा. उत्तर पोर्टलवरच द्यायचं, कार्यालयात जाऊन कागद ठेवल्याने काही होत नाही. विचारलंय तेवढंच द्या. दहा जादा कागद जोडले तर त्यातूनच अकरावा प्रश्न निघतो.

प्रत्यक्ष पाहणीला कुणी आलं आणि शटर बंद, बोर्ड नाही, शेजारी म्हणतो 'इथे कुणी नाही', तर अहवाल तसाच जातो. धंद्याच्या नावाचा साधा फ्लेक्स आधीच लावा. नंबर मिळाला की जीएसटी क्रमांकही त्या पाटीवर लागतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खातं जोडायचं, पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) त्याआधी भरायचं असेल तर त्याआधीच. नाहीतर नोंदणी स्थगित. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, उशिराला दिवसाला २० रुपये. शिवाय व्यवसाय कराची नोंदणी वेगळी: वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. ती जीएसटीबरोबर आपोआप होत नाही, हे बहुतेकांना नोटीस आल्यावरच समजतं.