पोपटाची खुंटी

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठालगत एक अंगणवाडी आहे. तिथल्या भिंतीवर मोठ्यांच्या कमरेइतक्या उंचीवर खुंट्या ठोकल्यात आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलंय. वाचता येत नाही त्या वयात नावाच्या जागी चित्र: कुणाचा हत्ती, कुणाचा पतंग. साडेतीन वर्षांची एक मुलगी आल्या आल्या आपली पिशवी पोपटाच्या खुंटीला अडकवते, दोन पावलं मागे सरते आणि नीट लटकलीय ना ते बघते. मग खेळायला जाते. तिचे आईबाप दाहोदकडचे, बांधकामावर काम करणारे. वर्षभरात तिसरं बिऱ्हाड. पहिली साइट संपली तशी पत्र्याची खोली गेली, दुसऱ्या जागेचं भाडं झेपेना. काल जिथे ठेवली तिथेच आजही सापडेल अशी वस्तू तिच्यापाशी फारशी नाही.

ऑगस्ट 2024 च्या पुरात काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 26 फूट. आमच्यासारख्या पक्क्या घरांतल्यांच्या गाड्या आणि सोफे गेले, त्याची चर्चा महिनाभर पुरली. काठावरच्यांचं घरच गेलं. पण घर जायला पूरच यावा लागतो असं नाही. भाडं थकणं, साइट संपणं, एका खोलीत तीन कुटुंबं राहणं, हेही त्यातलंच. तीन वर्षांच्या मेंदूवर याचा काय परिणाम होतो?

भीती वाटली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपासून निघालेला संदेश मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचतो आणि कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात उतरतं. यात वाईट काहीच नाही. कॉर्टिसोलची रोजची एक लय असते: सकाळी उठल्यावर चढतं, रात्रीपर्यंत उतरतं. कुत्रा भुंकला, आईने जवळ घेतलं, की वाढलेलं कॉर्टिसोल खाली येतं. बिघडतं ते ‘पुढे काय होणार’ हे महिनोन्‌महिने कळेनासं होतं तेव्हा, आणि ज्या आईने जवळ घ्यायचं तीच धास्तावलेली असते तेव्हा. ही लय मग विस्कटते. स्मरण आणि आत्मनियंत्रण सांभाळणारे मेंदूचे भाग कॉर्टिसोलला विशेष संवेदनशील असतात. भरीला झोप. या वयाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते. एका खोलीत, दिवा चालू, बापाची रात्रपाळी, अशात ती कुठून मिळणार? असं मूल वर्गात चुळबुळतं आणि त्याला ‘द्वाड’ हा शिक्का बसतो.

खुंटीचं महत्त्व इथे आहे. आधी प्रार्थना, मग गोष्ट, मग खाऊ, हा क्रम रोज तोच राहिला की मुलाला पुढचं ओळखता येतं आणि सावध राहण्यात खर्च होणारं बळ खेळाकडे वळतं. आणि खेळ म्हणजे टाइमपास नव्हे. आपला ‘शिवाजी म्हणतो’ घ्या. ‘शिवाजी म्हणतो, खाली बसा’ म्हटलं की बसायचं. नुसतं ‘उठा’ म्हटलं तर उठायचं नाही. उठू पाहणारे पाय धरून ठेवायचे, नियम डोक्यात ठेवायचा, क्षणात बदलायचं. मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यकारी क्षमता म्हणतात ती हीच, आणि तिची झपाट्याने वाढ होते तीन ते पाच या वयात. पाटीवर पन्नास वेळा ‘क’ गिरवून ती येत नाही, हे इंग्रजी केजीमागे धावणाऱ्या आपल्या मंडळींना कोण सांगणार!

पुरावा काय? अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात 1962 ते 1967 दरम्यान 123 गरीब मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. 58 जणांना रोज अडीच तासांची उत्तम बालशाळा, शिवाय दर आठवड्याला शिक्षिका घरी जाऊन आईशी बोलणार. बुद्ध्यांक आधी वाढला, मग काही वर्षांत फरक पुसला गेला. गंमत पुढे आहे. चाळिशीत पाहिलं तर याच गटातले अधिक जण शाळा पुरी केलेले, अधिक कमावणारे, कमी वेळा अटक झालेले निघाले. बुद्धी नाही, दुसरंच काहीतरी टिकलं होतं. टेनेसी राज्यात मात्र सरकारी बालवर्गांत गेलेली मुलं सहावीपर्यंत न गेलेल्यांच्या मागे पडली. म्हणजे नुसतं ‘बालवर्ग’ हे नाव पुरत नाही. दोन्ही अभ्यास गरिबीवरचे आहेत, बेघर होण्यावरचे नव्हेत, तेव्हा थोडं जपूनच बोलावं.

मला जास्त पटतो तो तमिळनाडूतला प्रयोग. 640 अंगणवाड्या; त्यांतल्या निम्म्यांना एक अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलं जास्त शिकली आणि कुपोषणही घटलं. रजिस्टरं, वजनकाटा, आहाराची पाकिटं यांतून एका बाईचे हात मोकळे झाले, एवढीच जादू.

कुटुंबाला होणारा फायदा याहून रोकडा. मूल सुरक्षित हातांत असेल तर आई दिवसाची मजुरी घेऊ शकते आणि मोठी बहीण धाकट्याला न सांभाळता शाळेत जाऊ शकते. मात्र अंगणवाडी दुपारी सुटते, साइट संध्याकाळी. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 50 हून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं. पण जोडी कामावर येते तेव्हा हजेरीवर नाव बहुधा नवऱ्याचंच. आणखी एक अडथळा कागदांचा. जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा: घर हललं की पहिलं हेच हरवतं. अमेरिकेच्या हेड स्टार्ट या गरीब मुलांसाठीच्या सरकारी बालशिक्षण योजनेत 2007 पासून बेघर मुलाला कागद जमेपर्यंत न थांबवता आत घेतात. हे उचलायला काय हरकत आहे?

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण ते सुरू व्हायचं सातव्या वर्षी. त्याआधीच्या वयाचा ध्यास घेतला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी. 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी काढली आणि वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच.

गुजरातेत अंगणवाडीच्या मदतनीस बाईला ‘तेडागर’ म्हणतात. तेडवुं म्हणजे कडेवर घेणं, बोलावून आणणं. आमच्या काठावरची तेडागर बेन रोज सकाळी झोपड्यांमधून फिरते, एक मूल कडेवर, चार मागून. पोपटवाली गेल्या महिन्यात आठ दिवस आली नाही. नव्या आलेल्या मुलाने तिच्या खुंटीकडे हात नेला, तर बेनने त्याला शेजारची कासवाची दाखवली. दुपारी ती मुकादमाला गाठून आली. दाहोदवाल्यांची नवी साइट कुठली, कुठल्या गेटने आत जायचं, ते सगळं तिच्या तळहातावर पेनाने लिहिलेलं होतं.