पुणे नगरपालिकेतील जोतीराव फुले

जोतीराव फुले यांची ओळख भिडे वाड्यातली 1848 ची मुलींची शाळा आणि 1873 चा सत्यशोधक समाज यांच्याशी बांधली गेली आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांनी केलेले काम त्या मानाने दुर्लक्षित राहिले. 1876 मध्ये त्यांची तेथे नेमणूक झाली, तेव्हा सभासद सरकारच नेमत असे. त्यामुळे बहुतेकांचा कल सरकारला न दुखावण्याकडे असणे स्वाभाविक होते.

जोतीरावांची जडणघडण मात्र वेगळी होती. शाळा मध्येच सुटलेल्या या मुलाला गफार बेग मुन्शी आणि लिजीट या शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे 1841 च्या सुमारास स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाता आले. पुढे एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून झालेला अपमान त्यांच्या जिव्हारी लागला, आणि 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी, शाळा, रस्ता हे नगरपालिकेचे विषय त्यांनी असे आधी स्वतःच्या आयुष्यात हाताळले होते. शिवाय ते कंत्राटदार होते. सरकारी बांधकामात पैसा कोठे मुरतो, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

त्यांचा खरा कस 1880 मध्ये लागला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या पुणेभेटीनिमित्त स्वागतासाठी 1000 रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला असता, ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे जोतीरावांनी सुचवले. 32 सभासदांपैकी विरोधी मत एकट्या त्यांचेच पडले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शहरातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले. मंडईच्या भव्य इमारतीवर लाखो रुपये घालण्यासही त्यांचा विरोध होता, पण ती उभी राहिलीच. रे मार्केट म्हणून बांधलेल्या त्या मंडईला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. नगरपालिकांच्या इतिहासात असा विनोद क्वचितच सापडेल.

या अनुभवाचा ठसा 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात उमटला आहे. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक असते. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, परंतु त्या शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवू नये, असेही त्यांनी त्याच निवेदनात नोंदवले आहे. हे लिहिणारा माणूस त्याच सुमारास सभागृहात बसत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेवटच्या अटीचे वजन कळते.