ग्रेलिस्ट म्हणजे फिकी ब्लॅकलिस्ट नव्हे

स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, अडवायला मेल सर्व्हरवर दोन चाळण्या लावतात: ब्लॅकलिस्ट (काळी यादी) आणि ग्रेलिस्ट (करडी यादी). सगळा घोळ नावांचा आहे. काळ्या यादीत बदनाम सर्व्हर, म्हणजे करड्या यादीत थोडेफार संशयित, असं वाटणं साहजिक आहे. मागे एका पुरवठादाराचा तावातावाने फोन आला, "अहो, तुम्ही आम्हाला ब्लॅकलिस्ट केलंय!" सर्व्हरची नोंदवही (लॉग) उघडली तर त्यांच्या मेलला दिलेल्या उत्तराचा कोड ४५० आणि पुढे 'ग्रेलिस्टेड'. त्यांचा राग शांत होईपर्यंत मेल इनबॉक्समध्ये पोचलाही होता.

कोडचा पहिला आकडा बघा. ४ म्हणजे "आत्ता नको, थोड्या वेळाने या". ५ म्हणजे दार बंद.

ब्लॅकलिस्ट दुसऱ्याच्या अनुभवावर चालते. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये अशी पहिली यादी काढली. तुमचा सर्व्हर समोरच्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, उलटा करून (१९२.०.२.१० असेल तर १०.२.०.१९२) यादीच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) विचारतो. १२७.०.०.२ असं उत्तर आलं की आयपी यादीत आहे.

ग्रेलिस्ट कुणाला बदनाम ठरवतच नाही. एव्हन हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली युक्ती साधी आहे: आयपी, पाठवणारा आणि घेणारा हे त्रिकूट पहिल्यांदाच दिसलं तर "थोड्या वेळाने या" म्हणून परत पाठवायचं. पोस्टग्रे या ग्रेलिस्टच्या प्रोग्रॅममध्ये थांबायची ही मुदत मुळात ३०० सेकंदांची असते. नियमाने चालणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा येतो. लाखो पत्त्यांवर मारा करणारा बॉट (आपोआप स्पॅम पाठवणारा प्रोग्रॅम) सहसा मागे वळून बघत नाही. दोन्ही चाळण्या मेलचा मजकूर घेण्याआधीच लागतात. स्पॅम वाढतं तेव्हा हाच खरा फायदा, कारण सर्व्हरचा दम निघतो तो मजकूर तपासण्यात.

ग्रेलिस्टचा त्रास म्हणजे उशीर. ओटीपीची मुदत संपते आणि मग शिव्या आपल्याला. मोठ्या कंपन्या दुसऱ्या फेरीला वेगळ्याच आयपीवरून येतात, आणि त्रिकूट पुन्हा नवंच ठरतं; म्हणून पोस्टग्रे आयपीच्या चार आकड्यांपैकी पहिले तीनच धरतो.

ब्लॅकलिस्टचा दगाफटका जास्त महाग पडतो. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, पण कित्येकांच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये (कॉन्फिगमध्ये) ती तशीच राहिली. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक आयपीला "यादीत आहे" म्हणू लागली आणि चांगले मेलही धडाधड परत गेले. स्पॅमहाउस या यादीवाल्यांना गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसवरून विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ येतं; त्याचा अर्थ "असं विचारू नका" एवढाच. कुठलंही उत्तर म्हणजे दोषी, असं कॉन्फिगमध्ये लिहून ठेवलं असेल तर सगळेच मेल अडतात.

आता काही बॉटही दुसऱ्यांदा येतात. म्हणून ग्रेलिस्ट काढून टाकावी का? मी काढलेली नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ब्लॅकलिस्ट, मग ग्रेलिस्ट असा क्रम ठेवलाय. सकाळी नव्याने स्पॅम ओकू लागलेला आयपी पहिल्या फेरीला कुठल्याच यादीत नसतो. ग्रेलिस्ट त्याला बाहेर बसवते, आणि तेवढ्या वेळात यादीवाल्यांच्या सापळ्यात तो अनेकदा सापडतो. पाच-दहा मिनिटांनी परत आला की त्याला ५५४ मिळतो.